टमी टकनंतर ड्रेन आणि सूज कशी सांभाळायची

टमी टक, म्हणजे पोटाची सैल त्वचा कापून पोट ताणून घेण्याचं ऑपरेशन, करून माणूस घरी येतो तेव्हा ओटीपोटाच्या खालून बहुतेक वेळा दोन बारीक नळ्या बाहेर आलेल्या असतात. प्रत्येक नळीच्या टोकाला मुठीत मावेल एवढा पारदर्शक फुगा आणि त्यात लालसर पाणी. कमरेभोवती घट्ट पट्टा, पोट ताणलेलं, पाठ सरळ करता येत नाही. ऑपरेशनबद्दल लोकांनी भरपूर वाचलेलं असतं. या नळ्यांचं, म्हणजे ड्रेनचं, रोज काय करायचं, हे मात्र डिस्चार्जच्या गडबडीत दोन मिनिटांत सांगून उरकलेलं असतं. मग पहिल्या रात्री फुगा भरत आला की घरात धावपळ सुरू होते.

ज्यांचं ऑपरेशन झालंय त्यांच्यासाठी हे लिहितेय, आणि तितकंच त्यांच्याजवळ राहून उठवणं-बसवणं करणाऱ्या घरच्या माणसासाठी. सगळ्यात आधी एक साधी वही काढा आणि रोज निघालेलं पाणी मोजून लिहायला ती ड्रेनजवळ ठेवा. या काळात घ्यायचे बहुतेक निर्णय, म्हणजे आज किती चालायचं, ड्रेन कधी निघणार, सर्जनला फोन करायचा का, हे त्या वहीतल्या आकड्यांवरून घेता येतात. एका दिवसाच्या आकड्याला फार अर्थ नसतो, आकडे कुठल्या दिशेने चाललेत ते बघायचं. तुमच्या सर्जनने इथल्यापेक्षा वेगळं काही सांगितलं असेल तर त्यांचंच ऐका. आत काय काय शिवलंय ते त्यांनाच माहीत असतं.

हे पाणी येतं कुठून?

टमी टकमध्ये पोटाची त्वचा आणि तिच्याखालची चरबी स्नायूंवरून सुटी करून वर बरगड्यांच्या दिशेने उचलतात. सैल पडलेले मधले स्नायू एकमेकांकडे ओढून शिवतात, खालची जास्तीची त्वचा कापून टाकतात आणि उरलेली खाली ताणून टाके घालतात. बेंबी आपल्या जागीच राहते, तिच्यासाठी त्वचेत नवीन छिद्र करतात. त्वचा आणि स्नायू यांच्यामध्ये त्यामुळे एक रुंद, कच्ची जागा तयार होते. शरीर अशा जागेत पाझरतं. सुरुवातीला रक्तमिश्रित, नंतर पिवळसर असा हा द्रव असतो. तो बाहेर जायला वाट दिली की वरचा थर स्नायूंना चिकटतो आणि जागा बंद होते. वाट नसेल तर द्रव आतच साचून दोन्ही थरांना एकमेकांपासून लांब ठेवतो. असं साचलेलं पाणी म्हणजे सेरोमा. टमी टकनंतर सगळ्यात जास्त आढळणारी गुंतागुंत हीच आहे.

सुजेचं कारण थोडं वेगळं. बेंबीच्या खालच्या त्वचेतली लसीका (लिम्फ), म्हणजे ऊतींमधून बारीक वाहिन्यांनी परत वाहून जाणारं पाणी, एरवी जांघेतल्या गाठींकडे उतरते आणि बेंबीच्या वरची काखेकडे जाते. ऑपरेशनचा छेद नेमका जांघेकडे उतरणाऱ्या वाहिन्यांना आडवा जातो आणि त्या कापल्या जातात. नवीन वाटा तयार व्हायला काही महिने लागतात, तोवर छेदाच्या वरच्या बाजूला पाणी अडून राहतं. टाक्यांच्या वर फुगीर पट्टी दिसली की 'चरबी राहिली' असं वाटून मन खट्टू होतं, पण सुरुवातीच्या काळात ती बहुतेक अडलेली सूजच असते.

काहींना ड्रेन लावलेलाच नसतो. हार्लन पोलॉक आणि टॉड पोलॉक या अमेरिकी प्लास्टिक सर्जननी २००० साली एक पद्धत मांडली. तिच्यात त्वचेचा थर खाली ओढत आणताना आतून जागोजागी टाके घालून स्नायूंवर पक्का बसवतात. मोकळी जागाच कमी उरते, म्हणून बरेच सर्जन अशा वेळी ड्रेन टाळतात. ज्यांना ड्रेन नाही त्यांनी खालचा ड्रेनचा भाग सोडून द्यावा, बाकीचं सगळं त्यांनाही लागू आहे.

रुग्णालयातून निघण्याआधी

सिस्टरला एकदा ड्रेन रिकामा करून दाखवायला सांगा आणि दुसऱ्या वेळी घरच्या माणसाने तो त्यांच्यासमोर करावा. नुसतं बघून जमेल असं वाटतं, पण बूच उघडल्यावर हात थरथरतात. शिवाय हे विचारून, लिहून घ्या: ड्रेन किती आणि कुठला कुठल्या बाजूचा, किती मिलीच्या खाली गेल्यावर काढणार, अंघोळ कधीपासून, पट्टा किती वेळ, रक्त पातळ ठेवणारं इंजेक्शन किंवा गोळी आहे का, आणि रात्री फोन कुठे करायचा.

घरी मोजमापाच्या खुणा असलेला छोटा कप, गॉझ, पुसायला स्पिरिटमध्ये भिजवलेले तुकडे, हातमोजे, सेफ्टी पिना, मोजपट्टी, थर्मामीटर आणि भरपूर उशा तयार ठेवा. पट्टा धुवायला टाकल्यावर घालायला दुसरा हवा.

ड्रेन रिकामा करणं

फुग्यात साधारण १०० मिली मावतात. तो अर्धा भरला की रिकामा करायचा, नाहीतर दिवसातून दोन-तीन वेळा ठरलेल्या वेळी. याचं कारण समजून घ्या. फुगा दाबून बंद केला की तो परत फुगायला बघतो आणि त्या ओढीनेच आतलं पाणी बाहेर येतं. फुगा भरत जाईल तशी ओढ कमी होते. गच्च भरलेला फुगा काहीच ओढत नाही. पहिल्या दिवशी 'चालू दे, उद्या सकाळी बघू' असं केलं तर रात्रभर पाणी आत साचतं.

आधी साबणाने हात स्वच्छ धुवा, काळजी घेणाऱ्याने हातमोजे घाला. रुग्णाला आरामात बसवा. फुगा पट्ट्यावरून किंवा पिनेतून सोडवा, पण नळीवर ताण येऊ देऊ नका. नळी त्वचेला एखाद्याच टाक्याने धरलेली असते आणि हिसका बसला तर डोळ्यांत पाणी येईल इतकं दुखतं.

नळीत रक्ताच्या गुठळ्या, दोऱ्यासारखे तुकडे दिसत असतील आणि सर्जनने परवानगी दिली असेल तर आता नळी निथळून घ्यायची. डाव्या हाताच्या चिमटीत नळी त्वचेजवळ घट्ट धरा. हा हात शेवटपर्यंत हलवायचा नाही, कारण ओढ त्वचेवर न येता याच चिमटीवर यायला हवी. उजव्या हाताच्या अंगठा-तर्जनीत नळी दाबून फुग्याच्या दिशेने सरकवत न्या. बोटं अडकत असतील तर स्पिरिटचा तुकडा नळीभोवती धरून सरकवा. फुग्यापर्यंत पोचल्यावर आधी वरची चिमटी सोडा, मग खालची. गुठळी सरकली की नळीतलं पाणी पुढे पळताना दिसतं. काही वेळा ते केल्यावर फुग्यात अचानक १०-२० मिली उतरतात. म्हणजे तेवढं पाणी अडलेलं होतं.

मग फुग्याचं बूच उघडा. बुचाच्या आतल्या भागाला आणि तोंडाला बोट लागू देऊ नका. फुगा उलटा करून सगळं पाणी कपात ओता. तोंड स्पिरिटने पुसा. फुगा मुठीत पूर्ण चपटा करा आणि तो चपटा असतानाच बूच लावा. हा क्रम चुकला, म्हणजे आधी बूच लावलं आणि मग दाबलं, तर ओढ तयारच होत नाही. मूठ सोडल्यावर फुगा चपटाच राहायला हवा.

कप डोळ्यांच्या पातळीवर धरून आकडा वाचा, लगेच लिहा, मग पाणी टॉयलेटमध्ये टाका, कप धुवा, हात धुवा. दुसऱ्या ड्रेनला हेच सगळं पुन्हा. दोन्हींचं पाणी एकत्र मोजायचं नाही. फुग्यांवर चिकटपट्टी लावून 'डावा', 'उजवा' लिहून ठेवा. शेवटी फुगे नळी जिथून बाहेर येते त्या जागेच्या खाली राहतील असे पट्ट्याला अडकवा. उंचावर ठेवलेल्या फुग्यात पाणी नीट उतरत नाही. कुशीवर वळताना किंवा उठताना फुगा अंगाखाली येतोय का, नळी दुमडलीय का, हेही बघा.

फुगा दाबून ठेवला आणि पाच मिनिटांत तो फुलून हवेने भरला तर कुठेतरी हवा शिरतेय. बूच नीट बसलंय का ते पाहा. नळी फुग्याला जिथे जोडलीय तिथे सैल आहे का, तेही पाहा. दोन्ही ठीक असतील तर नळी त्वचेतून थोडी बाहेर सरकून तिची छिद्रं उघडी पडली असण्याची शक्यता असते. ती स्वतः आत ढकलायची नाही. वर गॉझ ठेवा आणि फोन करा. नळीच्या भोवतीने गॉझ ओला होत असेल तर बहुतेक वेळा नळी आतून तुंबलेली असते. एकदा निथळून बघा, तरी थांबलं नाही तर कळवा.

वहीत काय लिहायचं

तारीख, वेळ, डावा किती, उजवा किती, रंग, वास आणि शेवटी एक ओळ त्या दिवशी काय केलं याची. ही शेवटची ओळ लोक टाळतात आणि मला तीच सगळ्यात उपयोगाची वाटते.

समजा डाव्या ड्रेनचे चोवीस तासांचे आकडे असे आले: ९०, ७०, ५५, ४०, ६५, ४५, ३०, २५. पाचव्या दिवशी आकडा वर उसळला. ओळ वाचली तर कळतं, 'बरं वाटलं म्हणून कपाटं आवरली, दुपारी झोप नाही.' पोटाच्या हालचालीने वरचा थर स्नायूंवर घासतो आणि पाझर वाढतो. पुढचे दोन दिवस विश्रांती घेतली की आकडा परत उतरायला लागतो. कुणाला किती झेपतं याचं उत्तर असं त्यांच्याच ड्रेनमधून मिळतं, दुसऱ्या कुणाच्या अनुभवाशी तुलना करून मिळत नाही.

रंगाचा प्रवास साधारण लाल, मग गुलाबी, मग गवती पिवळा असा होतो. पिवळं झालेलं पाणी जास्त हालचालीनंतर तात्पुरतं गुलाबी दिसलं तर आधी विश्रांती घ्या आणि पुढच्या वेळी परत रंग बघा. पण पाणी एकाएकी गडद लाल झालं, फुगा पटापट भरू लागला, किंवा पोट एका बाजूने टणक होऊन दुखायला लागलं, तर आत रक्तस्राव होत असू शकतो. तेव्हा वहीत लिहीत बसू नका, थेट रुग्णालय गाठा.

आणखी एक गोष्ट फसवी असते. काल ६० मिली आलं आणि आज शून्य. आनंद होतो, पण जखम एका रात्रीत अशी बंद होत नाही. नळीत गुठळी अडकली असेल किंवा नळी दुमडली असेल. आकडा हळूहळू उतरला तरच तो खरा धरायचा.

ड्रेन कधी निघतो

सहसा एका ड्रेनमधून चोवीस तासांत ३० मिलीपेक्षा कमी आणि तेही सलग दोन दिवस, असा हिशेब बरेच सर्जन धरतात. काही जण २५ म्हणतात. त्याला एक ते दोन आठवडे लागतात, कधी जास्तही. दोन ड्रेन एकाच दिवशी निघतील असंही नाही.

नळीचा कंटाळा येतो हे मला पुरेपूर माहीत आहे. झोप नीट लागत नाही, कपडे बसत नाहीत, कुणी भेटायला आलं की संकोच वाटतो. तरी 'आता काढूनच टाका' असा आग्रह धरू नका. ५० मिली येत असताना ड्रेन काढला तर ते पाणी थांबत नाही, आत साचतं, आणि मग सुईने काढायला वाऱ्या कराव्या लागतात. दुसऱ्या टोकाला, नळी फार दिवस ठेवली तर तिच्या वाटेने जंतू आत शिरायचा धोका वाढतो. म्हणून हा निर्णय वही समोर ठेवून सर्जननेच घ्यायचा.

काढताना टाका कापतात आणि नळी ओढून घेतात. आतून काहीतरी सरकल्यासारखं वाटतं, थोडी जळजळ होते, काही सेकंदांत संपतं. राहिलेल्या छिद्रातून एक-दोन दिवस ओलावा येतो, त्यावर गॉझ पुरे. त्यानंतरचे दोन-तीन आठवडे मात्र लक्ष ठेवायचे असतात, कारण मोजायला आता फुगा नाही. तेव्हा वहीत ड्रेनच्या जागी पोटाचा घेर लिहायला लागा: सकाळी उठल्यावर, बेंबीच्या पातळीवर, दर वेळी त्याच स्थितीत.

पट्टा

पट्टा किंवा कॉम्प्रेशन गारमेंट दोन्ही थर एकमेकांवर दाबून ठेवतो आणि ऊतींमध्ये पाणी भरायला जागा कमी देतो. साधारण चार ते सहा आठवडे, त्यातला पहिला काळ दिवसरात्र, अशी सूचना बहुतेकांना मिळते.

'जितका घट्ट तितका चांगला' हा समज काढून टाका. ताणून शिवलेल्या त्वचेला रक्तपुरवठा आधीच कमी असतो, त्यावर अति दाब आला तर कडा काळवंडू शकतात. पोट फार आवळलं की पायांतून वर येणारं रक्तही अडतं आणि गुठळीचा धोका वाढतो. पट्ट्याखाली हात सपाट सरकवता यायला हवा, श्वास पूर्ण घेता यायला हवा. पाय सुन्न होणं, मांडीवर रुतल्याच्या खोल रेघा, बसल्यावर पोटाच्या घडीत पट्टा गोळा होणं ही पट्टा नीट बसत नसल्याची लक्षणं. घडीवर विशेष लक्ष द्या. पट्ट्याची एक चुणी तासन्‌तास त्वचेत रुतली तर तिथे फोड येतो आणि त्वचा बधिर असल्यामुळे ते कळतही नाही. म्हणून दिवसातून दोनदा पट्टा सोडून आरशात किंवा घरच्या माणसाकडून त्वचा बघून घ्या. आत सुती पातळ बनियन घातला तर चुण्या कमी रुततात.

पट्टा पहिल्यांदा सोडताना आडवं किंवा बसलेलं असावं. दाब एकदम निघाल्यावर रक्तदाब उतरून चक्कर येते आणि अंघोळीच्या वेळी पडण्याची भीती असते. परवानगी मिळाल्यावर पहिली अंघोळ बाथरूममध्ये खुर्ची ठेवून, कुणीतरी दाराशी असताना करा. फुगे लोंबकळत ठेवू नका, गळ्यात सैल पट्टी घालून तिला अडकवा. टबात किंवा तलावात बसणं जखमा पूर्ण भरेपर्यंत बंद.

झोपणं आणि चालणं

पाठीमागे उशा रचून अर्धवट बसल्यासारखं झोपा आणि गुडघ्यांखाली उशी द्या. टाक्यांवरचा ताण याने कमी होतो. उठताना सरळ पोटाच्या जोरावर उठायचं नाही. आधी कुशीवर वळा, पाय खाली सोडा, मग हाताने रेटून बसा. चालताना पहिला आठवडा कमरेत थोडं वाकून चालावं लागतं, पुढे जसा ताण सैल होईल तसं सरळ व्हायचं. या वाकण्याने पाठ भरून येते, ते अपेक्षित आहे.

चालणं मात्र पहिल्या दिवसापासून. सर्जनने सांगितल्यापासून दर एक-दोन तासांनी घरातल्या घरात काही मिनिटं, हळू. पडल्या-पडल्या पावलं वर-खाली हलवत राहा. सौंदर्यासाठीच्या ऑपरेशनांत टमी टक हे पायांच्या खोल शिरांमध्ये रक्ताच्या गुठळ्या होण्याचा धोका जास्त असणाऱ्यांपैकी एक आहे. तशी गुठळी फुप्फुसात गेली तर जीवावर बेतते. एकाच पायाची पोटरी सुजणं, दुखणं, गरम लागणं, किंवा अचानक दम लागणं, छातीत दुखणं असं काहीही झालं तर वाट न बघता तातडीच्या उपचारांसाठी निघा. हे 'ऑपरेशनची सूज' म्हणून सोडून देण्यासारखं अजिबात नाही.

सुमारे सहा आठवडे जड उचलणं बंद, चार-पाच किलोच्या वर काही नाही. मूल रडत आलं तरी त्याला उचलून घ्यायचं नाही, आपण बसायचं आणि त्याला शेजारी घ्यायचं.

सूज कधी किती

पहिल्या तीन ते पाच दिवसांत सूज वाढत जाते. वजनकाट्यावर उभं राहिलात तर ऑपरेशनआधीपेक्षा जास्त वजन दिसू शकतं. सलाइन आणि साचलेलं पाणी यांचंच ते वजन, एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. या दिवसांत काट्यावर उभंच राहू नये असं माझं मत आहे.

मग सूज खाली उतरते. जननेंद्रियांच्या वरचा उंचवटा, स्त्रियांमध्ये योनीचे ओठ, पुरुषांमध्ये अंडकोश सुजतात, कधी निळसर होतात. हे कुणी आधी सांगत नाही आणि लाजेपोटी कुणी विचारतही नाही. गुरुत्वाकर्षणाने पाणी आणि रक्त खाली येतं, दोन्ही बाजूंना सारखं असेल तर ते सहसा आपोआप ओसरतं. लघवी अडली, एकाच बाजूला टणक गोळा आला किंवा वेदना वाढत गेल्या तर मात्र दाखवा.

चार ते सहा आठवड्यांत बरीचशी सूज उतरते. उरलेली तीन ते सहा महिने रेंगाळते आणि पूर्ण आकार बसायला वर्ष लागू शकतं. या काळात सकाळी पोट सपाट आणि संध्याकाळी फुगलेलं, असं रोज होतं. दिवसभर उभं राहिलं, प्रवास केला, खारट खाल्लं, पाळी जवळ आली की जास्त. म्हणून घेर सकाळचा सकाळीच मोजायचा. सकाळचा घेर संध्याकाळच्या घेराशी ताडून बघितला तर उगीच घाबरायला होतं.

मीठ कमी ठेवा. जागतिक आरोग्य संघटना मोठ्यांसाठी दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ सुचवते, आणि पाकीटबंद पदार्थांतलं मीठ त्यात धरायचं. पाणी मात्र कमी करू नका. जेवणात प्रथिनं भरपूर हवीत, जखम त्यावरच भरते. वेदनाशामकांनी बद्धकोष्ठता होते आणि जोर लावला की शिवलेल्या स्नायूंवर ताण येतो, म्हणून पोट साफ ठेवणारं औषध आधीच विचारून ठेवा. सिगारेट, तंबाखू, निकोटिनचं काहीही पूर्ण बंद. निकोटिनने रक्तवाहिन्या आकसतात आणि ताणलेल्या त्वचेची कड मरू शकते.

करू नये अशा गोष्टी

पोटावर गरम पिशवी किंवा हीटिंग पॅड ठेवू नका. पोटाची त्वचा काही महिने बधिर असते, भाजतंय हे कळत नाही आणि खोलवर भाजल्याच्या घटना घडलेल्या आहेत. बर्फाचंही तसंच, सर्जनने सांगितल्याशिवाय नको.

लघवी वाढवणाऱ्या गोळ्या स्वतःच्या मनाने घेऊ नका. सुजेचं कारण कापलेल्या वाहिन्यांत आहे, या गोळ्यांनी त्या जुळत नाहीत, उलट शरीर कोरडं पडतं.

मसाजबद्दल नीट समजून घ्या. लसीका वाहण्यासाठीचा हलका मसाज काहींना आराम देतो. तो या कामाचं शिक्षण घेतलेल्या थेरपिस्टकडून आणि सर्जनच्या परवानगीनंतरच करून घ्यावा. त्यात फक्त त्वचा हलकेच सरकवतात, दाब फार कमी असतो. जांघेकडची वाट छेदाने अडलेली असल्यामुळे पोटाच्या वरच्या भागातलं पाणी काखेकडे वळवतात. दुखेल इतकं चोळणं, किंवा टाक्यांमधून पाणी दाबून बाहेर काढणं, हे कुणी करू लागलं तर तिथेच थांबवा. उघड्या वाटेने जंतू आत जातात आणि नुकताच चिकटू लागलेला थर पुन्हा सुटतो. ताप, लालसर तापलेली त्वचा किंवा पायात गुठळीची शंका असताना कुठलाही मसाज नको.

सूज की साचलेलं पाणी?

ड्रेन निघाल्यावर हा प्रश्न हमखास पडतो. साधी सूज ऊतींमध्ये मुरलेली असते, भिजलेल्या स्पंजासारखी. सगळीकडे सारखी घट्टसर लागते, झोपून उठल्यावर कमी होते. सेरोमामध्ये पाणी एका पोकळीत मोकळं असतं. आडवं पडून पोटाच्या एका बाजूला बोटांनी हलकेच टिचकी मारली तर दुसऱ्या बाजूच्या तळहाताला लाट जाणवते. काही जण सांगतात की कुशीवर वळताना आत काहीतरी डुचमळतं. ओटीपोटाच्या एका भागात नवीन फुगवटा, सकाळचा घेर दोन-तीन दिवस सलग वाढणं, टाक्यांतून एकाएकी स्वच्छ पिवळं पाणी वाहणं, यांपैकी काही दिसलं तर भेटीची वेळ घ्या.

शंका असेल तर सोनोग्राफीत पाणी दिसतं. उपचार सहसा सोपा असतो: सर्जन सुईने पाणी काढतात, पट्टा बांधतात आणि काही दिवसांनी पुन्हा बघतात. भाग बधिर असल्याने सुई फारशी दुखत नाही. प्रत्येक खेपेला किती मिली निघालं ते विचारून वहीत लिहा. १२०, ७०, ३० असं उतरत गेलं तर प्रकरण संपत आलंय. कमीच होत नसेल तर पुन्हा ड्रेन घालणं, पोकळीच्या भिंती चिकटवणारं औषध सोडणं असे पुढचे उपाय असतात. फार काळ दुर्लक्ष झालं तर पोकळीभोवती जाड आवरण तयार होतं आणि मग ते कापून काढावं लागतं. म्हणून 'जिरेल आपोआप' म्हणून महिनोन्‌महिने थांबू नये. आणि घरी सुई टोचून पाणी काढण्याचा विचारही करू नका.

त्याच दिवशी फोन करण्याची कारणं

३८ अंश सेल्सिअस, म्हणजे १००.४ फॅरनहाइटच्या वर ताप. ड्रेनमधलं पाणी गढूळ होणं किंवा त्याला दुर्गंध येणं. टाक्यांभोवती लाली पसरत जाणं. छेदाच्या वरची त्वचा जांभळी-काळसर पडणं. टाके उसवणं. औषध घेऊनही वाढत जाणारं दुखणं. फोन करताना वही हातात घ्या आणि 'खूप पाणी येतंय' असं न म्हणता मागच्या तीन दिवसांचे आकडे आणि रंग वाचून दाखवा. पलीकडच्या डॉक्टरांना तेवढ्यावर बरंच कळतं आणि रात्रीच बोलावून घ्यायचं की सकाळपर्यंत थांबायचं हे ठरवता येतं.

पुढचे महिने

सहा आठवड्यांनंतर सर्जनने पट्टा सोडायला सांगितला तरी तो एकदम सोडू नका. आधी रात्री काढा, मग दिवसाचे काही तास, आणि घेर बघत राहा. सोडल्यावर दोन दिवस फुगवटा वाढतो, त्याने घाबरू नका. व्यायामाची सुरुवात चालण्यापासून, पोटाचे व्यायाम सगळ्यात शेवटी आणि विचारूनच. व्यायाम वाढवलेल्या आठवड्यात संध्याकाळची सूज वाढली तर एक पायरी मागे या.

महिन्यातून एकदा त्याच जागी, त्याच उजेडात, सकाळी फोटो काढा. रोज आरशात बघणाऱ्याला फरक दिसत नाही, तीन फोटो शेजारी ठेवले की दिसतो. टाक्यांच्या टोकांना राहिलेला उंचवटा, एका बाजूचा जास्तीचा फुगीरपणा किंवा व्रणाचा आकार याबद्दल नाराजी असेल तर ती सर्जनना जरूर सांगा, पण दुरुस्तीच्या ऑपरेशनचा निर्णय सूज पूर्ण बसेपर्यंत, म्हणजे सहा महिने ते वर्षभर, थांबवून ठेवा. नवीन कपडेही तोवर घेऊ नका, आत्ता बसणारं माप पुढे बसेलच असं नाही.